तिसऱ्या नळीतला काठ

अमीन मणियारच्या कामाबद्दल कोणी वाकडा शब्द काढला की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो. धुळ्यात चाळीसगाव रोडवर त्याच्या शेडला लागूनच माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं. वीस वर्षं मी त्याच्या ग्राइंडरची किरकिर ऐकली आणि त्याच्याच घरचा चहा प्यायलो.

बांगड्या विकणाऱ्यांच्या घरातला हा माणूस इंजिनांच्या नादी कसा लागला, त्यालाच ठाऊक. बांगड्यांची पेटी त्याच्या बायकोने, आबेदाभाभींनी, सांभाळली. गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवण्याआधी त्या आतून करंगळी फिरवायच्या. काचेचा बारीकसा काठ राहिला तरी बाईचा हात कापतो.

चौऱ्याण्णव साली दोंडाईच्याचे मिरचीचे व्यापारी रुपचंदशेठ एक परदेशी गाडी घेऊन आले. चार सिलिंडरची, टर्बोवाली. लळिंगच्या घाटात ती ट्रकांच्या मागे कुंथायची. टर्बो हवा दाबून पाठवायचा, पण ती ज्या मॅनिफोल्डमधून इंजिनात शिरते त्याच्या चारही नळ्या आतून खडबडीत होत्या, आणि तोंडं इंजिनच्या भोकांपेक्षा बारीक. ती रुंद करून आतून गुळगुळीत करायची होती.

"अमीनभाऊ, तुनं नाव आयकीसन उनू," शेठ अहिराणीत म्हणाले. "बठ्ठं तुन्या हातमा शे."

सगळं खरंच अमीनच्या हातात होतं; बिघडला तर असा दुसरा नग मुंबईतही मिळायचा नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

अमीनने शेंदूर तेलात कालवून इंजिनला लावला, त्यावर मॅनिफोल्ड टेकवला आणि उचलला. मॅनिफोल्डच्या तोंडांभोवती जेवढी कडा शेंदूर न लागता कोरी राहिली तेवढीच घासायची. तीन दिवस तो मान वर न करता घासत होता. मी चहा नेला की उकळता ग्लास मुठीत धरून बसायचा. बोटं पोळायला हवी होती, पण हा शांत. तेव्हाच माझ्या लक्षात आलं. इतक्या वर्षांच्या ग्राइंडरने त्याची बोटं बधिर झाली होती. नळीच्या वळणात डोळा पोचत नाही, तिथे बोटानेच बघायचं असतं. काठ राहिला तर त्या सिलिंडरला हवा कमी पडणार. अंदाजाने जास्त घासलं तर भिंतच फुटणार. मग अमीनकडे कोण येईल?

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "झालं, नाना."

"झालं, की झालंसं वाटतं?"

तो भडकला. मीही काही कमी नाही. दुपारी आबेदाभाभी डबा घेऊन आल्या, तेव्हा मी सरळ मॅनिफोल्ड त्यांच्यापुढे ठेवला. "भाभी, बांगडीत फिरवता तशी यात करंगळी फिरवा."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. पहिली नळी झाली, दुसरी झाली. तिसरीत करंगळी थांबली.

"ये देखो, इधर चुभता है."

अमीनने त्याच जागी बोट घातलं. पुन्हा घातलं. मग खाली बघत म्हणाला, "मला काहीच लागत नाही, नाना. दोन वर्षं झाली."

मला माझीच लाज वाटली. पण भाभींनी डबा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "चलाओ मशीन."

तो जरासं घासायचा, त्या करंगळी घालायच्या. "और थोडा." पुन्हा घासायचा. "और थोडा." भाकरी पार थंड झाली. शेवटी त्या म्हणाल्या, "बस."

गाडी लळिंगचा घाट चढून आली तेव्हा रुपचंदशेठांचं तोंड तेवढं बघण्यासारखं होतं. "भाऊ, काय हात शे तुना!"

नुसतं हसून घेतलं असतं तरी चाललं असतं. अमीनने पेटी घेऊन बाजाराला निघालेल्या भाभींना पुढे बोलावलं. "हात माझा, शेठ. बोटं हिची."

भाभी लाजून पेटीतल्या बांगड्या उगाचच लावत बसल्या. मी नाक शिंकरायच्या निमित्ताने दुकानात गेलो.

ती पेटी मग कायमची शेडमध्येच, अमीनच्या बाकाशेजारी आली. त्यानंतर काम झालं असं अमीन स्वतः कधी म्हणाला नाही. भाभी "बस" म्हणाल्या की झालं.