वन्संची जबडेवाली प्रवाळं

आमच्या हात्सुए वन्सं म्हणजे हट्टाचं गाठोडं. आमच्या योमितान गावातल्या निम्म्या छपरांवर बसलेले शीसा, म्हणजे राखणदार सिंह, त्यांच्याच हातचे. आणि सत्तरी उलटल्यावर बाईंनी ठरवलं, मातीची प्रवाळं घडवायची आणि समुद्रात मांडायची!

त्याला कारण माझा नवरा सेइकिची, वन्संचा धाकटा भाऊ. पाणी तापलं, किनाऱ्यालगतचं प्रवाळ पांढरंफटक पडून मेलं, मासा गेला. हा म्हणाला, "बोट विकतो. नाहा शहरात पोराकडे जाऊ." अगं बाई! ज्याला भरतीचा आवाज ऐकल्याशिवाय डोळा लागत नाही, तो सातव्या मजल्यावर काय करणार? माझं डोकं खाणार! मला रडूच कोसळलं.

"गप गं किकुए," वन्सं म्हणाल्या. "प्रवाळाच्या पिलांना बसायला घट्ट जागा लागते. ती मी देते. सेइकिची, हामाउरीचे दोन सण होईतो थांब. तोवर काही उगवलं नाही तर खुशाल वीक."

"थांबतो. पण ताई, चकाकी लावू नकोस हं. गुळगुळीत अंगावर काही टिकत नाही."

"मला माती शिकवतोस? तुझं नाक पुसलंय मी!"

आमची भट्टी सगळ्या कुंभारांची सामाईक, टेकडीवर चढत गेलेली. तोंडाशी आवामोरी दारू शिंपडून पेटवली. निवल्यावर उघडली तर काय! प्रवाळं हिरवीगार, चकचकीत, आणि प्रत्येकाला वटारलेले डोळे आणि हा एवढा जबडा. त्यातही जोड्या. एकाचं तोंड उघडं, एकाचं मिटलेलं.

सेइकिचीने कपाळावर हात मारला. "ताई, हे प्रवाळ आहे?"

"सिंहाशिवाय हाताला दुसरं येत नाही रे. आणि चकाकी नको म्हणे! लेकरांना नागडी कशी पाठवू पाण्यात?"

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. सेइकिचीने मात्र ती प्रवाळं बोटीतून नेली आणि तळाशी पक्की बसवली.

पहिली हामाउरी आली. तिसऱ्या चांद्रमासातला हा आम्हा बायकांचा सण. ओहोटीला समुद्रात उतरून हातपाय धुवायचे, म्हणजे वर्षाची इडापिडा जाते. आम्ही डबा घेऊन, गुडघाभर पाण्यातून तिथवर गेलो. सिंह लखलखत होते. स्वच्छ! एक कणही चिकटलेला नाही. वन्संनी सणाची मिठाईसुद्धा खाल्ली नाही.

दुसऱ्या हामाउरीच्या आदल्या दिवशी बोटीला गिऱ्हाईक येऊन बघून गेलं. सकाळी सेइकिची किनाऱ्यावरच्या भिंतीवर आमच्याकडे पाठ करून बसला. मी पाण्यात शिरले ती मनातल्या मनात बोटीचा निरोप घेतच. तळाला काच लावलेली पेटी पाण्यावर टेकवली, डोकावले. मिटल्या तोंडाचा सिंह, कोरा. दुसरा, कोरा. वन्सं माझा दंड धरून उभ्या.

उघड्या तोंडाच्या सिंहापाशी आले आणि मी किंचाळलेच.

"काय गं? मेलीस का?"

"वन्सं, याला दात आलेत!"

जबड्याच्या आत वन्संचा चकाकीचा कुंचला कधी पोचलाच नव्हता. तिथली माती कोरी, खरबरीत. आणि त्या जिभेवर, टाळूवर, अंगठ्याएवढी प्रवाळं! तपकिरी, निळसर टोकांची, जिवंत! पुढच्याच्या तोंडात पाच-सहा, त्यापुढच्याच्या तर जबड्यात मावेनात. आणि त्यांच्यामधून बोटाच्या पेराएवढा निळा मासा बाहेर आला, मला बघून परत आत पळाला. वन्संनी पेटी हिसकावली, पाहिलं आणि तिथेच पाण्यात फतकल मारली. आम्ही दोघी भिजून चिंब, वेड्यासारख्या हसतोय, रडतोय.

"काय झालं?" भिंतीवरून सेइकिची ओरडला. "सांगाल का कुणी?"

"ये की मेल्या!" वन्सं ओरडल्या.

बायकांचा सण होता, पण तो बुटांसकट धावत आला. पेटीत तोंड घालून कितीतरी वेळ वाकलेला. पाठ हलत होती. वर आला तेव्हा डोळे लाल झालेले, नाकातून पाणी वाहतंय.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "पुढच्या भट्टीला तोंडं जरा मोठी कर."