बराकीतला माझा वर्ग

आमच्या शहरातल्या संस्थानी शिपायांच्या जुन्या बराकीत पुढे शाळा भरू लागली. निवृत्त होईपर्यंत मी तिथेच शिकवलं. मग शाळा नव्या इमारतीत गेली, बराकीची डागडुजी झाली आणि आता तिथे संग्रहालय आहे. पर्यटकांना माहिती सांगायला माझ्या धाकट्या बहिणीला नेमलंय.

परवा मी बघायला गेले. माझ्या वर्गाच्या भिंतीवर तलवारी टांगल्या होत्या. माझं टेबल असायचं तिथेच उभी राहून ती बोलत होती आणि लोक कान देऊन ऐकत होते. कौलं गळायची तेव्हा पोरांना कोपऱ्यात घेऊन, पावसाच्या वर आवाज चढवून मी शिकवलं होतं. तिला मात्र सगळं कोरडं, रंगवलेलं मिळालं. मला ते बघवेना.

तेवढ्यात तिने मला पाहिलं. "ही माझी ताई, इथेच शिकवायची," असं लोकांना सांगून ती मला हळूच म्हणाली, "शाळेचा तूच सांग गो. माका खंय सगळा म्हायत आसा?"

"माका येळ नाय," म्हणून मी निघाले.

घरी बांगडे साफ करताना लक्षात आलं, मी मोठ्याने बोलत होते. गळक्या वर्गाची गोष्ट चांगली रंगली होती आणि ऐकायला कुणीच नव्हतं.