वर्दीचं ताट

मंदीत दुबईतल्या आमच्या जुमेरा लेक टॉवर्समधून माणसं एकेक करून इंडियाला परत गेली. जाताना कुणी मिक्सर ठेवून गेलं, कुणी तुळशीची कुंडी. किस्से मात्र कुणीच नेले नाहीत. ते सगळे आमच्या गुरुवारच्या पोथी-मंडळात साचून राहिलेत. त्यातले निम्मे वैशालीच्या भावाचे, आणि त्याला आम्ही कुणी कधी पाहिलेलंही नाही!

वैशाली चंद्रपूरकडची. भाऊ पोलीस शिपाई, गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवाद्यांच्या सुरुंगात गेला. शस्त्राने गेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला करतात, हे मी तिला सांगितलं. पुढचा नियम तिचा स्वतःचा. त्या दिवशीचं ताट वर्दीतल्याच माणसाने जेवायचं!

"तो त्याच्या ड्युटीवाल्यांसंगंच जेवायचा, ताई. आई आता थकली. मी सोडलं तर त्याचं नाव कोण घेईल?"

*

पहिल्या वर्षी नेमका रमजान! वैशाली भर दुपारी झाकण न घालता ताट घेऊन लॉबीत उभी. समोर सिक्युरिटीवाला पठाण, रोजा धरलेला. रत्नागिरीकडच्या आमच्या शेजारीण नफिसाभाभी धावत आल्या. "अगो, झाक ते आधी! वर चल!"

पठाणाने संध्याकाळी खजूर खाऊन मग वडे-खीर खाल्ली. मी आपलं म्हटलं, "सूर्यास्तानंतर श्राद्धाचं जेवण शास्त्रात बसत नाही हो."

भाभी म्हणाल्या, "अगो, तो बिचारा गेला तरी कुठं वेळेवर?"

*

मंडळात एक नवी बाई आली. वैशालीचा भाऊ शहीद झाला म्हटल्यावर तिने डोळ्यांना पदर लावला. "कारगिल का?"

"नाही, गडचिरोली."

बाईंनी पदर खाली घेतला. "तिथे कुठून आलं पाकिस्तान?"

वैशाली चहाला उठली. तिच्या लेकीने, रियाने, तेवढ्यात विचारलं, "मम्मा, मामा पोलीस होता, देन व्हॉट वॉज ही डूइंग इन अ जंगल?"

"ड्युटी होती, बेटा."

"पण व्हाय?"

"ते आम्हाला पण नाही सांगितलं."

*

पुढच्या चतुर्दशीला तिने फोटोपुढे धूप जाळला आणि फायर अलार्म वाजला! अख्खा टॉवर खाली उन्हात. गोरे, फिलिपिनो, लेबनीज, कुणी घरच्या चपलांत, कुणी मांजर घेऊन. अलार्म बंद होईपर्यंत सगळे गप्प उभे. वैशाली हात जोडून म्हणत होती, "सॉरी, माय ब्रदर्स डे!"

नफिसाभाभी तिच्या कानात म्हणाल्या, "बघ, एवढी माणसं तर गावात सलामीलासुद्धा नसतील उभी राहिली!"

त्या दिवशी ती खूप दिवसांनी हसली.

*

मग तिच्या मिस्टरांची नोकरी गेली. मी त्यांच्यासाठी सोळा सोमवार धरले, उद्यापनही केलं. दुसरी नोकरी काही लागली नाही. मी म्हटलं, "होईल गं, देवाच्या घरी उशीर असतो."

"ताई, त्यानं पण स्टाफ कमी केला वाटते!"

मी तरी संकष्टी सुरू केली. त्यांचं नागपूरचं तिकीट झालं, तरी सोडली नाही.

*

शेवटच्या चतुर्दशीला तिला घाई होती. घर अर्धं खोक्यांत. इथली ही शेवटची थाळी, ती चुकायला नको. लॉबीत नवा गार्ड होता, दिलबहादूर, नेपाळचा. जेवणाच्या सुट्टीत बेसमेंटमधल्या त्याच्या खोलीत आम्ही दोघी ताट घेऊन गेलो. तो हात धुऊन बसला. घास उचलला आणि थांबला.

"किसके नाम का है, दीदी?"

"मेरे भाई का. पुलिस में था. नक्सलियों ने मारा, जंगल में."

त्याने घास खाली ठेवला.

"दीदी, मैं भी जंगल में था. हमारे नेपाल में."

"फौज में?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "फौज की तरफ नहीं. दूसरी तरफ, माओवादियों में."

मला वैशालीकडे बघवेना. तो उठायला लागला. "आप किसी और को खिलाइए."

बाहेर पार्किंगमध्ये एक गाडी सुरू झाली, निघून गेली. वैशाली उभीच होती. मग म्हणाली, "वहाँ खाना मिलता था?"

"कभी-कभी, दीदी."

तिने ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं, आणखी दोन वडे वाढले, आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

"जेव. सावकाश जेव."