खाडीच्या तोंडाशी

झांजिबारला कारकुनाची नोकरी मिळाली, तेव्हा ठाण्यातल्या आमच्या आळीत जो तो मला परतल्यावर कोणतं प्रायश्चित्त घ्यावं लागेल ते ऐकवू लागला. समुद्र कसा असतो, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं. मीही खाडीपलीकडचं पाणी पाहिलं नव्हतं आणि भीतीने मला अन्न जात नव्हतं. शेवटी चेंदणीच्या एका म्हाताऱ्या कोळ्याला गाठून विचारलं, "बाबा, दर्याची भीती कधी जाते?"

"चल, दावतो," तो म्हणाला.

ओहोटीबरोबर त्याच्या होडीतून निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी वसईपुढे खाडीचे दोन्ही काठ एकदम संपले. समोर आभाळाला टेकलेलं नुसतं पाणी होतं, आणि ते सगळंच्या सगळं श्वास घेतल्यासारखं वर येत होतं, खाली जात होतं. मी मागे वळलो. म्हाताऱ्याने सुकाणू काखेत दाबून हात जोडले होते. जन्मभर या पाण्यावर वावरलेल्या, वाटेत एकदाही न डळमळलेल्या त्या माणसाचे हात थरथरत होते.

घरी परतून मी पेटी भरायला घेतली. भीती होतीच, पण तिची लाज वाटेनाशी झाली होती.