रिकामी दिसलेली बाटली

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पेशंटच्या मांसाचे तुकडे कापले. तुकडा मेणात बसवायचा, पात्यावर सरकवायचा, कागदाहून पातळ काप काचेवर घ्यायचा. हात असा बसला होता की नवे डॉक्टर बघायला यायचे. त्यामुळे केळझरकडची एक संशोधक पोरगी येऊन म्हणाली, "काका, मले काप नाई, अख्खा तुकडा पाह्याचा हाये," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"जाड तुकड्यात उजेड शिरते का? दुधात बॅटरी मारून पाह्यजो."

"म्हणूनच तर," ती हसली. उंदराच्या मूत्रपिंडाचा तुकडा ती फळसाखरेच्या घट्ट पाकात मुरवत होती. पाक मुरला की आत उजेड विखुरत नाही, सरळ खोल जातो. आधीचे सगळे तुकडे बिघडले होते. हा शेवटचा, आणि प्रबंधाची मुदत जवळ आलेली.

सोमवारी मी बाटल्या धुवायला घेतल्या. एकीत नुसता पाक दिसला, वर चिठ्ठीही नाही. ओतला, बाटली पालथी घातली आणि चहाला गेलो.

परत आलो तर ती पालथ्या बाटलीसमोर उभी. "काका, याच्यात माझा तुकडा होता."

 तुकडा काचेसारखा झाला म्हणूनच मला दिसला नव्हता. म्हणजे तिचं काम जमलं होतं आणि ते मी मोरीत ओतलं होतं.

पण आमच्या कामातली एक सवय हाडात भिनलेली असते. पेशंटचा तिळाएवढा तुकडा हरवला तर दुसरा आणायचा कुठून? म्हणून नुसतं पाणी ओतायचं असलं तरी मोरीच्या तोंडावर फडकं लावायचं. ते मी लावलं होतं. उचलून पाहिलं तर फडक्यावर काहीच दिसेना. मग नळ बारीक सोडला आणि थांबलो. बऱ्याच वेळानं, पाक निघत गेला तसा, घडीत हरभऱ्याएवढा पांढुरका ठिपका उमटला.

"सापडला," मी म्हटलं, आणि रडू मलाच आलं.

तिनं तो पुन्हा पाकात मुरवला. आठ दिवस मी त्या बाटलीला कोणाला हात लावू दिला नाही. वर माझ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: आत तुकडा आहे.

मग एका दुपारी तिनं मला नव्या मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. पडद्यावर ती तुकड्यात खोल खोल उतरत गेली. रक्त गाळणारे ते बारके गोळे मी जन्मभर पाहिले होते, पण सुटे सुटे. इथे ते रक्तवाहिन्यांना लटकलेले होते, बोरीला बोरं लागावीत तसे.

"काका, काय दिसून राह्यलं?"

"देठ दिसून राह्यले," मी म्हटलं. "एकतीस वर्षं मी तेच कापत होतो."

"अन् फडकंही तुमीच लावलं ना," ती म्हणाली, आणि तिनं आपली खुर्ची मला दिली. मी नालवाडीला घरी जायची वेळ होईपर्यंत बघत बसलो.