एका ताऱ्याचा माणूस

माझी नात विद्यापीठात वेब ॲप्लिकेशन बनवायला शिकते. मी आठवीत शाळा सोडली आणि जन्मभर इथे हिंदी मुलखात, जयेंद्रगंजात, सायकली दुरुस्त केल्या. म्हणून तिने मला सोपं करून सांगितलं, "आजोबा, स्क्रीनवर दिसतं ते दुकान. मागे असतं गोदाम, ते ग्राहकाला दिसत नाही." मी म्हटलं, एवढं शिकवायला इतकी फी?

शेवटच्या वर्षाला तिने एक ॲप करायला घेतलं. आमच्या हरिशंकरपुरम कॉलनीतल्या मराठी बायका घरी चकल्या, अनारसे करतात. ते लोकांनी त्यावर मागवायचे, कोणीतरी पोचवायचे, मग सगळ्यांना तारे द्यायचे. पाच तारे म्हणजे उत्तम, एक म्हणजे भिकार. हे चालतं का बघायला आधी खोटी गिऱ्हाइकं भरावी लागतात. ते काम आमच्या हिने पकडलं. सकाळी उन्हात मटार सोलत बसायची आणि नातीला मजकूर सांगायची. मला जवळ फिरकू द्यायच्या नाहीत. नुसत्या खिदळायच्या दोघी.

थंडी सरता सरता ही गेली. ताप आला आणि गेली. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहिलं म्हणून ती उठून चहा टाकणार नाही.

नातीने लॅपटॉप मिटून ठेवला तो ठेवलाच. सबमिशन तोंडावर आलं. सरांनी बजावलं होतं, खोटी गिऱ्हाइकं साफ करून आणा, नाहीतर प्रोजेक्ट घेणार नाही. म्हणजे वर्ष गेलं. सून रोज ओरडायची, पोरगी गप्प. शेवटी मीच जाऊन बसलो.

"काय अडलंय? चेन उतरलीय का?"

"सब चल रहा है, आजोबा. फक्त डिलीट करायचंय."

"मग कर."

"त्यात आजी आहे."

"दाखव."

तिने उघडलं. हिचा पहिलाच शेरा शेजारणीवर होता: 'अनारसे दगड आहेत. सोबत दाताच्या डॉक्टरचा पत्ता द्यावा.' त्याखाली दुसरा: 'माल पोचवणारे: आमचे हे. तारे: एक. वाटेत बाड्यावर, चौकात गप्पा छाटत बसतात. चकली पोचेपर्यंत मऊ पडते. वर दोन स्वतःच खातात.'

मला हसू फुटलं. ही गेल्यापासून असं हसलोच नव्हतो. धाप लागली. नात घाबरून पाणी घेऊन आली.

"साफ खोटं आहे," मी म्हटलं. "दोन कधी खाल्ल्या मी? तारा वाढव."

"नाही वाढवता येत. ज्याने दिला, तोच बदलू शकतो. मैंने ही ऐसा बनाया है."

"मग चुकीचं बनवलंस."

"वा! म्हणजे सगळे आपापले तारे वाढवत बसतील."

मी हिचा शेरा पुन्हा एकदा वाचला.

"याची दुसरी प्रत ठेवता येते का?"

"ठेवलीय. कधीच."

"मग रडतेस कशाला, गाढवे?"

"पुसायचं बटण माझ्याने दाबवत नाही."

"सरक तिकडे."

मी दाबलं. तर ते यंत्र उलटं मलाच विचारतं, नक्की पुसायचं? हिला नेताना मला कोणी विचारलं नव्हतं. पुन्हा दाबलं. पडद्यावर आलं, 'सध्या एकही ग्राहक नाही.' पोरगी हमसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून भिंतीकडे बघत बसलो.

मग नाक पुसून म्हणाली, "आजोबा, तुमचं खातं उघडू?"

"उघड. पण शेजारणीचे अनारसे मागवणार नाही."

प्रोजेक्ट वेळेवर गेला, ती पास झाली. आता कॉलनीतल्या बायका खरोखरच त्यावर माल विकतात आणि तो मी सायकलवरून पोचवतो. बाड्यावर थांबतो, ते खरं आहे. चकली खात नाही. एखादी. तरी लोक चार-पाच तारे देतात. लोकांना काय कळतं?

अधूनमधून मी नातीला घरातली प्रत उघडायला लावतो. तिथे माझा एकच तारा आहे. परवा ती म्हणाली, "आजोबा, गोदामात शिरून मी वाढवू शकते. कर दूँ?"

म्हटलं, हात लावून तर बघ.