फळ्यावर राहिलेलं काम

अन्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या चौकात एका कंटेनरमागे अडकलो होतो. त्याच्या भावाचा आवाज नीट ऐकू येईना, म्हणून मी वैतागून ‘परत बोल’ म्हणालो आणि त्या बिचाऱ्याला तेच दुसऱ्यांदा सांगावं लागलं. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दीड महिना झाला... ते दुसऱ्यांदा वदवून घेतलेलं मला अजून डाचतं.

निघोज्याच्या जुन्या शाळेत आम्ही दोघं चौथीपर्यंत एका बस्करावर बसलो. पुढे गावाबाहेर नवी शाळा झाली आणि जुनीत मांडवाचे बांबू आणि कबुतरं राहायला आली. ती पाडून गाळे काढावेत असं गावाचं मत होतं आणि खरं सांगायचं तर माझंही. अन्वर तेव्हा तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सचा फिटर म्हणून काम करून नुकताच निवृत्त झाला होता. ग्रामसभेत उठून म्हणाला, “तरण्या पोरापोरींना बसाया जागा न्हाई, अभ्यासाला न्हाई. मला एक वरीस द्या. त्यानंतरबी शाळा रिकामी दिसली तर खुशाल पाडा.” गावानं दिलं. वर्षभरात हा थकेल, असा बऱ्याच जणांचा हिशेब होता.

तो थकला नाही. कौलं बदलली, वायरिंग केलं, एका खोलीत अभ्यासाची टेबलं मांडली, दुसरीत कॅरम आणि व्यायामाचं सामान. मी मदतीला जायचो, म्हणजे मुख्यतः चहा प्यायला. रंगकाम निघालं तेव्हा जुन्या फळ्यावरूनही ब्रश फिरवावा असं मी सुचवलं, तर केवढा भडकला! फळा त्याला कंपनीतल्या शिफ्टच्या वहीसारखा वापरायचा होता. शिफ्ट संपताना फिटर राहिलेलं काम लिहून ठेवतो आणि पुढचा ते उचलतो. इथंही तसंच. काही बिघडलेलं दिसलं की फळ्यावर लिहायचं, खाली नाव घालायचं आणि जो काम करेल त्यानंच ती ओळ पुसायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

भाड्याच्या खोल्यांत राहणारी कंपनीतली मुलं-मुली येऊ लागली तेव्हा मी कुरकुरलो. “गावाची जागा आहे राव, बाहेरचेच जास्त झालेत.” कॅरमला पावडर मारता मारता तो म्हणाला, “शिफ्ट बदलताना पुढचा कुठल्या गावचा, आसं इचारतो व्हय आपण?” मला रागच आला.

वर्ष भरायला तीन महिने राहिले असताना तो गेला. फळ्यावर त्याची ओळ तशीच होती: ‘रस्त्याकडची खिडकी लागत नाही. बिजागरी तुटली. अन्वर.’ गुरुजी ज्याला कोंबडीचे पाय म्हणायचे तेच अक्षर. त्या खिडकीतून ट्रकांची धूळ येई आणि टेबलांवर बोटानं नाव लिहावं इतकी साचे. मुलं कमी येऊ लागली. मी चिडून विचारलं, एक बिजागरी बसवता येत नाही का कुणाला? पोलीस भरतीची तयारी करणारी, नांदेडहून पॅकिंग लाइनवर कामाला आलेली वैशाली हळूच म्हणाली, “कवाच बसवली असती काका. पण मग चाचांची ओळ पुसावी लागली असती.”

माझ्याही पिशवीत आठवडाभर बिजागरी होती.

त्या रविवारी ती बसवली. वैशालीनं खिडकीचा पल्ला धरला, मी स्क्रू पिळले. मग ओलं फडकं घेऊन फळ्यापुढे उभा राहिलो आणि पुसण्याआधी सरळ रडलो. तिनं पाठ फिरवली, एवढं बरं केलं. खिडकी लागली खरी, पण खाली घासत होती. अन्वरनं ते चालवून घेतलं नसतं. म्हणून त्याच जागी मी लिहिलं: ‘खिडकी खाली घासते. रंधा मारायचा आहे.’ आणि खाली माझं नाव.

नंतरचे चार दिवस जाणं झालं नाही. गेलो तेव्हा टेबलं भरलेली होती, खिडकी बंद होती आणि तिच्याखाली लाकडाचा थोडा कीस पडला होता. फळ्यावरची माझी ओळ पुसलेली होती. कुणी पुसली, कुठल्या गावच्यानं, ते मी विचारलं नाही.